दोन डोळ्यांचा जुना कॅमेरा घेताना

आम्ही शहापूर तालुक्यातल्या एका बचत गटातल्या तिघी. एक गटाची खजिनदार, एक अंगणवाडी मदतनीस आणि एक शिवणकाम करणारी. माईकसमोर एकच बोलतेय, पण जे झालं ते तिघींच्या हातून झालं, म्हणून सगळं "आम्ही" असंच सांगणार आहोत. गटाच्या पैशातून आम्ही एक जुना कॅमेरा घेतला. आधी चुकीचा, मग बरा. तुमच्यापैकी कुणी असला कॅमेरा घ्यायचं मनात आणलं, किंवा कुणाच्या घरी ट्रंकेत असा कॅमेरा पडला असेल, तर आमची फजिती तुमच्या कामाला यावी.

आधी कॅमेरा कशाला, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या आजी गेल्या. दिवसकार्याला भिंतीवर लावायला फोटो हवा, तर घरात फोटोच नाही. नातवाच्या फोनमध्ये पुष्कळ होते म्हणे, पण तो फोन लावणीच्या दिवसांत चिखलात पडून बंद झालेला. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. तुम्ही पाहिले असतील असले फोटो. चेहरा म्हणजे धुकं, डोळ्यांच्या जागी दोन डाग. आजींच्या लेकीने तो फोटो पाहिला आणि म्हणाली, ही माझी आय नाहीच.

त्याच महिन्यात आमच्यातल्या एकीला सासूबाईंच्या ट्रंकेत एक पाकीट सापडलं. आत चौकोनी निगेटिव्ह, तळहाताच्या मध्यावर मावेल एवढी. १९७६ सालच्या लग्नातली. मुलुंडला तिची नणंद राहते, तिच्या ओळखीने एका लॅबमध्ये ती दाखवली आणि प्रिंट काढून आणली. बायांनो, नथीतले मोती मोजून घ्या एवढं स्वच्छ! पंचेचाळीस-पन्नास वर्षं ती निगेटिव्ह लुगड्यांच्या घडीत पडून होती. ना चार्जर लागला, ना पासवर्ड.

गटाच्या मासिक बैठकीत विषय निघाला. गावात साठीच्या वरच्या सदतीस बाया. प्रत्येकीचा जिवंतपणी एक धड फोटो काढायचा, एक प्रिंट तिला द्यायची आणि निगेटिव्हवर नाव घालून ती गटाच्या डब्यात ठेवायची, असं ठरलं. भांडणंही झाली. "फोनवर फुकट निघतो, तर पैसे का घालवायचे?" हा प्रश्न खजिनदार वहिनींनीच केला आणि तो खोटा नव्हता. फोनवर काढायचे तर काढा, त्याला आमची ना नाही. पण हातात धरता येते अशी निगेटिव्ह हवी, हे बहुमताने ठरलं. व्याजाच्या रकमेतून वीस हजार मंजूर झाले. कॅमेरा, रोल, धुलाई आणि प्रिंट, सगळं त्यात बसवायचं.

आता हा कॅमेरा कसला, ते ऐका. जुन्या सिनेमांत फोटोग्राफर पोटाशी डबा धरून, मान खाली घालून बघताना दिसतो ना, तो. पुढे दोन भिंगं, एकावर एक. वरचं बघण्यासाठी, खालचं फोटो घेण्यासाठी. वरच्या भिंगातून आलेला उजेड आतल्या आरशावर आपटून वर जातो आणि माथ्यावरच्या दुधी काचेवर चित्र उमटतं. चित्र सुलटं दिसतं, पण डावं-उजवं उलटं. समोरची बाई डावीकडे सरकली की काचेत ती उजवीकडे जाते. पहिले दोन दिवस आपण वेंधळ्यासारख्या भलतीकडेच वळतो, मग हाताला सवय होते. धंद्यात याला टीएलआर म्हणतात. आम्ही दोन डोळ्यांचा म्हणतो.

यात १२० नंबरचा रोल लागतो. हा रोल कोडॅक कंपनीने १९०१ साली काढला आणि तो आजही मिळतो. एका रोलात सहा सेंटिमीटर बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो. लग्नाच्या जुन्या अल्बममधले चौकोनी फोटो असल्याच कॅमेऱ्यांचे.

या कॅमेऱ्याचा एक गुण आम्हाला नंतर कळला. फोटो काढणारी मान खाली घालून उभी असते. समोरच्या म्हातारीच्या तोंडावर काही रोखलेलं नसतं. फोन वर धरला की आमच्या आज्या पदर ओढतात, ओठ मिटतात. इथे मात्र त्या आमच्या डोक्याकडे बघत बसतात आणि मध्येच "काय गो, सापडलं का?" म्हणून हसतात. तेव्हा बटण दाबायचं.

असो. आता फजिती.

मुंबईच्या उपनगरातल्या एका विक्रेत्याकडे याशिका-मॅट १२४ जी नावाचा कॅमेरा आहे, असं एका ओळखीच्या मुलाने फोनवर दाखवलं. किंमत नऊ हजार. या मॉडेलचं नाव मोठं आहे. जपानी, १९७० ते १९८६ एवढी वर्षं निघत होतं, भिंग चांगलं. आम्ही दोघी गेलो. चामड्याचं कव्हर नव्यासारखं, आत कॅमेरा काळाभोर, चकचकीत. विक्रेत्याने मीटरची सुई हलवून दाखवली. "बघा ताई, मीटरसुद्धा चालू." सुई हलली आणि आम्ही विरघळलो. पाठ उघडून बघायचं डोक्यातही आलं नाही. नऊ हजार मोजले, कव्हर पिशवीत घातलं आणि वडापाव खाऊन परतीची लोकल धरली.

बारा आज्यांना बसवलं. कुणी ठेवणीतलं लुगडं काढलं, कुणी सुनेकडून केस विंचरून घेतले. रोल धुऊन आला तेव्हा बाराही फोटोंवर साय धरल्यासारखा पांढरेपणा आणि एका कडेने उजेडाचा पट्टा. एकही फोटो द्यायच्या लायकीचा नाही. विक्रेत्याला फोन केला, तर तो म्हणाला, जुन्या मालाला गॅरंटी नसते. तेही खरंच.

आमच्या आळीतल्या आत्या त्या बारा जणींत होत्या. दुसऱ्यांदा बसा म्हटलं, तर म्हणाल्या, "एकदा बसले ना? आता नाय." पैशापेक्षा ते जास्त लागलं.

बैठकीत आम्ही खरं तेच सांगितलं. कुणी ओरडलं नाही, हे त्याहून कठीण होतं. तिघींनी तीन-तीन हजार स्वतःचे भरून गटाची रक्कम पुरी केली आणि म्हटलं, आता शिकून घेऊ.

शिकवलं बोरिवलीच्या एका काकांनी. जुने कॅमेरे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, चाळीतल्या खोलीत एक टेबल, एक दिवा आणि औषधाच्या बाटल्यांमध्ये स्क्रू. त्यांनी आमचा कॅमेरा हातात घेतला, पाठ उघडली आणि टॉर्च लावून आम्हाला आत बघायला सांगितलं. खालच्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी. धंद्यात सगळे फंगस म्हणतात. पापडाला येते तशीच, पण ही काचेवर. ती नुसती बसत नाही, तिच्यातून आम्ल सुटतं आणि काचेवरचा लेप खाल्ला जातो. वेळेत सापडली तर पुसून निघते, उशीर झाला तर पुसूनही डाग राहतो. आमच्याला उशीर झालेला.

आणि उजेडाचा पट्टा? या मॉडेलच्या पाठीच्या कडेला उजेड अडवायला स्पंजाची पट्टी असते. वर्षं झाली की ती कुजते, काळा चिकटा होतो आणि बोटाला लागतो. पट्टी पाचशे रुपयांत बदलून झाली असती, भिंगाचं काय करणार? मीटरची सुई हलली म्हणून आम्ही भुललो, पण हा मीटर ज्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा ते सेल आता विकले जात नाहीत. दुसरा सेल घातला की सुई हलते, पण आकडा चुकीचा दाखवू शकते. काका म्हणाले, "ताई, मीटर गेला तरी चालतो. उजेड फोनवरसुद्धा मोजता येतो. भिंग आणि शटर गेलं की कॅमेरा गेला." आमचा कॅमेरा त्यांनी सुट्या भागांसाठी दोन हजाराला ठेवून घेतला. वर चहा पाजला आणि कुठल्याही कॅमेऱ्याला काय काय विचारायचं ते दाखवलं. कॅमेऱ्याला, विकणाऱ्याला नव्हे, असं ते दोनदा म्हणाले.

ते आता सावकाश सांगतो. जवळ कागद असेल तर घ्या.

घरून निघताना पिशवीत एक लहान टॉर्च, बटर पेपरचा तुकडा, चिकटपट्टी आणि एखादा वाया गेलेला १२० चा रोल टाका. असा रोल लॅबवाले मागितला की देतात.

कॅमेरा हातात आला की आधी कव्हर बाजूला. कव्हर कितीही देखणं असो, त्याचे पैसे मोजू नका. उलट चामड्याच्या कव्हरात ओल धरून राहते आणि बुरशी तिथेच पोसते. मग पाठ उघडा. नाकाजवळ न्या. कुबट वास आला तर सावध. कडेच्या पट्टीवरून बोट फिरवा, काळा चिकटा लागतो का बघा. आत रोल गुंडाळून घ्यायला एक रिकामी रीळ असायला हवी. ती नसेल तर रोल भरताच येत नाही. मागून घ्या, विकणारे विसरतात.

आता भिंग. वेगाच्या चकतीवर एक "बी" अक्षर असतं. तिथे लावलं की बटण दाबून धरलं तेवढा वेळ शटर उघडं राहतं. ॲपर्चर, म्हणजे उजेडाचं भोक, सगळ्यांत मोठं करा. मोठं म्हणजे लहान आकडा, साडेतीन. एकीने बटण दाबून धरायचं आणि दुसरीने मागून टॉर्च तिरपी धरून भिंगातून बघायचं. सरळ नाही, तिरपी. सरळ उजेडात बुरशी दिसत नाही. चार-दोन धुळीचे कण असतील तर घाबरू नका, धुळीने फोटो बिघडत नाही. धागे, जाळं, दुधी साय किंवा इंद्रधनुष्यासारखं वर्तुळ दिसलं तर कॅमेरा खाली ठेवा. वरच्या भिंगात थोडी बुरशी असेल तर भाव पाडून घेता येतो, कारण ते फक्त बघायचं भिंग. खालच्यात तडजोड नाही.

त्याच वेळी भोकाच्या पाती बघा. कोरड्या हव्यात. तेलकट चमकत असतील तर ते तेल आज ना उद्या शटरमध्ये उतरतं.

मग शटर. याला कान लागतो. एक सेकंदावर लावा, ताणा, दाबा. आतून कर्रर्र असा एकसारखा आवाज यायला हवा आणि सेकंदभराने खट. मध्येच अडखळलं, दोन-तीन सेकंद लागले किंवा उघडंच राहिलं, तर आतलं ग्रीस वाळलंय. विकणारा म्हणेल, "बरेच दिवस बंद आहे, चार वेळा चालवलं की सुटेल." सुटतं, आणि घरी गेलं की पुन्हा चिकटतं. दुरुस्त होतं, पण तो खर्च भावातून वजा करा. भरभर वेगांसाठी आमच्यातली शिवणकाम करणारी एक युक्ती करते. फोनवर स्लो मोशनने शटरचा व्हिडिओ काढते आणि दर वेगाला भोक किती वेळ उघडं दिसतं ते ताडते. काटेकोर नाही, पण अर्ध्या आणि चौथ्या भागातला फरक कळतो. एक सांगायचं राहिलं. सेल्फ-टायमरची छोटी कळ असते, तिला हात लावू नका. जुन्या शटरमध्ये ती अडकली की शटरच बंद पडतं.

आता सगळ्यांत महत्त्वाची परीक्षा, आणि ही आम्ही जिथे जिथे केली तिथे विकणारा आमच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागला. रोल जिथून सरकतो त्या आतल्या दोन पट्ट्यांवर बटर पेपर ताणून चिकटवा. शटर "बी" वर उघडं धरा. समोर नऊ-दहा फुटांवर काही अक्षरं असू द्या, दुकानाची पाटी किंवा भिंतीवरचं कॅलेंडर. माथ्यावरच्या काचेत छोटं भिंग उघडून ती अक्षरं अगदी स्पष्ट करा. आता मागे बटर पेपरवर बघा. चित्र उलटं दिसेल, वर पाय खाली डोकं, पण अक्षरं तेवढीच स्पष्ट हवीत. वर स्पष्ट आणि मागे पुसट, म्हणजे दोन भिंगांचं जमत नाही. कुणीतरी तो उघडून चुकीचा बसवलाय किंवा कधी तरी पडलाय. पडलेला ओळखायची आणखी एक खूण. बाजूची चकती फिरवून पुढचं पान पूर्ण बाहेर आणा आणि कॅमेरा कडेने बघा. पुढचं पान अंगाला समांतर हवं, दारासारखं कललेलं नको.

शेवटी तो वाया गेलेला रोल भरून बारा वेळा पुढे सरकवा. दर वेळी आपोआप थांबतं का, बाराला संपतं का ते बघा. आरसा धुरकट असेल तर पदराने पुसू नका. त्याचा पारा वरच्या बाजूने असतो, घासला की जातो.

एवढं शिकून आम्ही एका शनिवारी तिघी निघालो. आसनगावहून लोकल, ठाण्याला उतरून धीमी गाडी आणि मुलुंड. तिथला स्टुडिओवाला म्हातारा भला होता, पण त्याचा कॅमेरा रशियन, ल्युबिटेल, अंग प्लॅस्टिकचं. हलका, स्वस्त, शिकायला वाईट नाही. काच मात्र इतकी अंधारी की आमच्या वयाच्या डोळ्यांना अक्षर दिसेना. त्याने स्वतःच सांगितलं, तुमच्या कामाचा नाही. घाटकोपरला चिनी सीगल पाहिला, सहा हजार. रूप चांगलं, पण एक सेकंदावर शटर उघडलं ते उघडंच राहिलं. विकणाऱ्याने कॅमेरा तळहातावर आपटला तेव्हा ते मिटलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि चहालाही न थांबता मेट्रोत बसलो. घाटकोपरहून अंधेरी, मेट्रोने. आम्ही पहिल्यांदाच बसलो होतो, त्यामुळे तेवढा वेळ कॅमेरा विसरून खिडकीतून बघून घेतलं.

अंधेरीला एक आजोबा. सिनेमाच्या सेटवर फोटो काढायचं काम केलेले. त्यांच्याकडे रोलायफ्लेक्स होता. हे नाव ऐकून ठेवा. जर्मनीतल्या फ्रँके आणि हायडेके या कारखान्याचा हा कॅमेरा १९२९ साली आला आणि पुढचे बहुतेक दोन डोळ्यांचे कॅमेरे त्याच्याच वळणावर घडले. किंमत आमच्या आवाक्याबाहेर, पण त्यांनी प्रेमाने हातात दिला. त्यांनीच होमाई व्यारावाला यांची आठवण काढली. १९१३ साली नवसारीला जन्म, शिक्षण मुंबईत, जे. जे. कलाशाळेत, आणि भारतातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव घेतात. सुरुवातीचे त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. पुढे दिल्लीत त्यांनी साडी नेसून, हातात रोलायफ्लेक्स घेऊन स्वातंत्र्याच्या काळातल्या बड्या बड्या माणसांचे फोटो काढले. २०११ साली पद्मविभूषण मिळाला, पुढच्या वर्षी त्या गेल्या. आमच्या गावात फोटोग्राफर म्हणजे बाप्याच, आणि तोही लग्नातला. म्हणून हे ऐकताना खजिनदार वहिनी रोलायफ्लेक्स खाली ठेवायला तयारच होईनात.

आजोबांच्या कपाटात दुसराही एक होता. याशिका डी. १२४ जीचा साधा, थोरला भाऊ म्हणा. यात मीटरच नाही, त्यामुळे मीटर बिघडायचा प्रश्न नाही. रोल हाताच्या गोल बटणाने सरकवायचा, शटर वेगळी कळ ओढून ताणायचं. काळा रंग कडेला उडालेला, कातडं एका कोपऱ्यात निघालेलं. आम्ही टॉर्च काढली, बटर पेपर चिकटवला, एक सेकंद ऐकला. कर्रर्र, खट. दहा वेळा ऐकला. भिंग स्वच्छ, अक्षरं वर-मागे सारखी. या मॉडेलवर दोन तऱ्हेची भिंगं सापडतात, आधीच्यावर याशिकॉर आणि नंतरच्यावर याशिनॉन. याशिनॉन वरचढ, त्यात चार काचा, याशिकॉरमध्ये तीन. यावर याशिकॉर होतं, पण आज्यांचे फोटो सावलीत, भोक जरा बारीक करून काढायचे तर तेही झकास, हे बोरिवलीच्या काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

त्यांनी तेरा हजार सांगितले. आम्ही म्हटलं, कातडं निघालंय आणि आमचे पैसे बायकांचे आहेत. अकराला दिला. आम्ही एक अट घातली: एक रोल काढून धुऊन बघू, पंधरा दिवसांत बिघाड निघाला तर परत. त्यांनी कागदावर लिहून दिलं. ही अट घालायला लाजू नका. चांगला माल असणारा सहसा नाही म्हणत नाही, आणि नाही म्हणाला तर आपल्याला उत्तर मिळालं.

त्याच संध्याकाळी पश्चिम रेल्वेने बोरिवलीला जाऊन काकांना दाखवला. त्यांनी कानाशी धरला, तीन-चार वेग ऐकले आणि म्हणाले, "आता शिकलात." एवढंच.

या याशिका डीची एक खोड सांगायला हवी. रोल सरकवणं आणि शटर ताणणं वेगवेगळं असल्यामुळे रोल न सरकवता दुसरा फोटो निघू शकतो. आमच्या मदतनीस बाईंनी दोन जावांना एकाच फोटोत एकमेकींवर बसवलं. दोघी वीस वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. गावभर हशा झाला, पण दोघींना पुन्हा बसवावं लागलं. तेव्हापासून नियम असा: फोटो काढला की तोंडातून शब्द निघायच्या आत रोल सरकवायचा. दुसरं, जवळून काढताना चेहरा काचेत वरच्या कडेला टेकवू नका. बघायचं भिंग वर, फोटोचं खाली, त्यामुळे जवळच्या माणसाचं कपाळ कापलं जातं. डोक्यावर चार बोटं जागा ठेवा.

उजेडाचं माप सोपं आहे. लख्ख उन्हात भोक सोळावर ठेवायचं आणि वेग रोलाच्या नंबराएवढा, म्हणजे शंभरच्या रोलाला एकशे पंचवीस. ओटीच्या सावलीत भोक तीन-चार घरं मोठं. शंका आली तर फोनवर उजेड मोजणारं ॲप आहे. पण म्हाताऱ्या माणसाला उन्हात बसवूच नका, डोळे बारीक होतात. ओटी, गोठ्याचं दार, आंब्याची सावली, हेच आमचे स्टुडिओ.

खर्चही ऐका, लपवत नाही. आम्हाला काळा-पांढरा रोल नऊशेला पडला, धुलाई चारशे. म्हणजे फोटोमागे शंभराच्या वर, प्रिंट वेगळी. त्यामुळे एका बाईचा एकच फोटो. चैनीला हा कॅमेरा नाही. कुणी म्हणालं, याच्यावर लग्नाच्या ऑर्डरी घेऊ, तर आम्ही सांगू नका घेऊ. धंद्याला आताचे डिजिटल कॅमेरेच बरे. आणि मुंबईला लॅबपर्यंत जा-ये करणारं कुणी नसेल तर रोल घरात पडून राहतील, हेही आधी बघा.

ज्यांच्या घरी असा कॅमेरा आधीच आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. सासरे किंवा चुलते फोटोग्राफर होते आणि त्यांचा डबा माळ्यावर आहे, असं पुष्कळ घरांत असतं. भंगारवाला शे-दोनशे देतो म्हणून देऊन टाकू नका. पाठ उघडा, टॉर्च लावा, शटर ऐका. चालू निघाला तर हजारांत जातो. आणि त्याच्याबरोबर निगेटिव्हचं पाकीट असेल तर ते कुठल्याही भावाला देऊ नका. त्यात कुणाची तरी आय असेल.

जपणूक म्हणाल तर कॅमेरा कव्हरात ठेवायचा नाही. आम्ही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, तळाला औषधाच्या बाटल्यांतून आणि चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात दर आठवड्याला काढून थोडा वेळ उजेडात ठेवतो आणि सगळे वेग एकदा चालवतो. निगेटिव्ह लॅबच्या कागदी पाकिटात, वर नाव, माहेर, तारीख. माहेर लिहायचं हे आज्यांनीच सांगितलं.

सदतीसपैकी छत्तीस जणींचे फोटो झाले. आत्या राहिल्या आहेत. परवा त्यांच्या ओटीवर शेजारणीची प्रिंट दाखवायला गेलो. त्यांनी ती बराच वेळ हातात धरली, उलटून मागचं नाव वाचून घेतलं आणि विचारलं, "यात माझं काळं लुगडं दिसंल का, का निळंच नेसू?" रोलात अजून पाच फोटो शिल्लक आहेत. रविवारी सकाळी ऊन वर यायच्या आत जाणार आहोत.